संघर्षग्रस्त भागातील लोकांना स्थानिक सुरक्षा दलांबद्दल खरोखर काय वाटते?

आपण विचारले आहे की, नक्षलवादासारखा संघर्ष चालू असलेल्या भागात गावातल्याच तरुणांना घेऊन सुरक्षा दल उभारले तर लोकांचा त्याच्यावर विश्वास बसतो की त्यांची भीती वाढते, आणि हे एखाद्या सर्वेक्षणातून कळू शकते का. पहिल्या भागाचे उत्तर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी देतील. दुसऱ्या भागाने मात्र मला लिहायला बसवले, कारण असे एक सर्वेक्षण मी स्वतःच्या तोंडाने बिघडवलेले आहे.

मी १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. गावाचे नाव देत नाही. बदलीसाठी अर्ज केले नाहीत असे नाही. ते मंजूर झाले नाहीत, आणि पुढे पुढे मीच ते करणे सोडले. माडिया भाषा मला मुलांनी शिकवली. त्यामुळे तालुक्याहून कोणीही आले की दुभाष्याचे काम माझ्याकडे येई.

२००८ च्या मे महिन्यात, ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात, एका संस्थेची दोन तरुण मंडळी, एक मुलगी आणि एक मुलगा, छापील प्रश्नावली घेऊन आली. दोघेही सालस आणि मेहनती होते, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात दोष त्यांचा नाही. प्रश्नावलीत रस्ता, दवाखाना, रेशन असे करत करत शेवटी सुरक्षेवर येणारे बरेच प्रश्न होते. त्यांतला एक असा होता: ‘आपल्या भागातील स्थानिक तरुणांच्या सुरक्षा दलामुळे आपल्याला सुरक्षित वाटते का?’ त्याच्यापुढे पाच चौकोन होते, ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत.

स्थानिक तरुणांचे दल म्हणजे आमच्याकडे सी-६०. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच साठ जवानांना निवडून ते उभे केले. पुढे त्याचा व्याप पुष्कळ वाढला, तरी नाव तेच राहिले. या जवानांना गोंडी आणि माडिया येते, पायवाटा ठाऊक असतात, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी राहते हे माहीत असते. बाहेरून आलेल्या दलाला ज्या गोष्टी नकाशावरूनही कळत नाहीत, त्या यांना लहानपणापासून ठाऊक असतात. त्याची दुसरी बाजू शहरात फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जवानाला जशी जंगलातली वाट ठाऊक असते, तशी जंगलातल्यांना त्याच्या घराची वाट ठाऊक असते.

तो प्रश्न आम्ही ज्या बाईंना विचारला त्यांचा मुलगा माझ्याकडे चौथीपर्यंत शिकला होता आणि त्या वेळी सी-६० मध्ये होता. बाई मांडवाखाली पाने जुळवत बसल्या होत्या. सत्तर पानांचे एक पुडके होते. त्या बोलता बोलता न मोजता मोजत होत्या आणि सालीने बांधून बाजूला टाकत होत्या. प्रश्न ऐकल्यावर त्या बराच वेळ बोलल्या, आणि मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मुलगा चार वर्षांत एकदाही घरी आलेला नाही. तो तालुक्याला असला म्हणजे निरोप येतो, मग त्या बाजाराच्या दिवशी चालत जाऊन त्याला भेटतात, आणि भेटताना तो मुलगा आहे असे दिसू नये म्हणून दुकानदाराशी बोलावे तसे बोलतात. तो पैसे देतो. त्या पैशांतून दोन वर्षांपूर्वी घरासाठी पत्रे आणले. परंतु कवेलू, म्हणजे कौले, उतरवून पत्रे चढवले असते तर रात्री येणाऱ्यांनी विचारले असते की पैसा कुठून आला, म्हणून ते पत्रे घराच्या मागे तणसाखाली झाकून ठेवले आहेत. दर पावसाळ्यात घर गळते.

मला हे पत्रे ठाऊक होते. शाळेच्या मागच्या बाजूने जाताना तणसाच्या ढिगाखालून त्यांची एक कड दिसत असे, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती पुन्हा झाकलेली असे.

शेवटी बाईंनी मला उलट प्रश्न केला की हे कागद कोण वाचणार, आणि परत जाताना ही मंडळी पोलीस मदत केंद्रावरून जाणार का. मी मुलीकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, “त्यांना सुरक्षित वाटते. मुलगा दलातच आहे ना.” मुलीने चौथ्या चौकोनात खूण केली.

मी असे का केले, याची उत्तरे मी स्वतःला अनेक दिली आहेत. मांडवाच्या कडेला चार पुरुष बसले होते आणि त्यांपैकी एक आतल्या लोकांच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या, संगम या गावातल्या संघटनेचा सदस्य आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होते; त्याला मराठी चांगली समजत होती. बाई जे बोलल्या ते मी मराठीत, मोठ्याने, त्या मुलीला लिहून घेता येईल अशा गतीने सांगितले असते, तर पत्र्यांची गोष्ट मांडवातून बाहेर पडली असती. हे खरे कारण आहे. आणि ऊन फार होते, अजून सहा घरे बाकी होती, हेही खरे आहे.

आता माझ्या साडूंकडे येतो. ते नागपूरला असतात, सरकारी खात्यातून चांगल्या पदावरून निवृत्त झालेले आहेत, आणि नक्षलवादावर त्यांचे ठाम मत आहे. पुढच्या वर्षी दिवाळीत त्यांनी मला एक कात्रण दाखवले. त्यात अशाच कुठल्याशा पाहणीच्या आधारे लिहिले होते की दुर्गम भागातील लोकांचा स्थानिक तरुणांच्या दलावर भरवसा आहे. ती पाहणी आमच्या मांडवातली होती की दुसरी, हे मी विचारले नाही. साडूंचा मुद्दा असा होता की लोकांचा आपल्या पोरांवर भरवसा असेल, तर छत्तीसगडने केले तसे गावोगावी बंदुका देऊन टाकाव्यात, म्हणजे प्रश्न वर्षभरात मिटेल. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्या कात्रणातली एक खूण माझी असण्याची शक्यता होती.

ते उत्तर आज देतो. छत्तीसगडने केले ते असे. जून २००५ मध्ये छत्तीसगडमधल्या बिजापूरच्या बाजूला सलवा जुडूम हे नक्षलविरोधी आंदोलन सुरू झाले, काँग्रेसचे महेंद्र कर्मा त्याचा चेहरा झाले आणि भाजपचे सरकार त्याच्या पाठीशी उभे राहिले. गावे रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या शिबिरांत आणले गेले, हजारो लोक जंगल ओलांडून तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गेले. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी, म्हणजे एसपीओ, नेमून महिना ३,००० रुपयांपर्यंतच्या मानधनावर बंदुका दिल्या. त्यांची संख्या पुढे ६,५०० पर्यंत गेली. १५ मार्च २००७ रोजी राणी बोदली येथील पोलीस छावणीवर हल्ला होऊन ५५ जण मारले गेले, त्यांत निम्म्याहून अधिक हेच एसपीओ होते. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली. कर्मा २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात मारले गेले. साडूंनी सांगितलेल्या त्या एका वर्षाचा हिशेब असा आहे, आणि त्यात कोणाची घरे कोणी जाळली हे अजून धरलेलेच नाही.

इंद्रावती नदीच्या पलीकडून, छत्तीसगडातून, त्या काळात आमच्या बाजूला नातेवाईक येत. ते शिबिराबद्दल बोलत नसत. फक्त एवढे विचारत की इकडेही गावातल्या पोरांना बंदुका देणार आहेत का. नाही म्हटले की गप्प होत.

माझे मत स्पष्ट आहे. ‘स्थानिक’ या शब्दाने सगळा घोटाळा केला आहे. सी-६० चा जवान स्थानिक आहे, परंतु तो भरती झालेला पोलीस आहे, त्याला पगार, निवृत्तिवेतन आणि वरिष्ठ आहेत, आणि मुख्य म्हणजे तो रात्री गावात झोपत नाही. एसपीओ गावचा होता, गावाच्या भांडणांसकट बंदूक घेऊन उभा होता. आणि पोलीस पाटील हा तिसरा. तो १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, बिनहत्यारी, आणि रात्री त्याच घरात झोपणारा. या तिघांबद्दल लोकांना एकच काहीतरी वाटते असे समजणे चूक आहे. आमच्याकडे कितीतरी पोलीस पाटलांनी दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, धाकाने राजीनामे दिले; त्यांच्यावर गावाचा विश्वास नव्हता असे मुळीच नाही, उलट विश्वास होता म्हणूनच गावाने त्यांना राजीनामा द्या असे सांगितले.

गावबंदीचेही तसेच. २००३ पासून ज्या गावांनी नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव केला त्यांना विकासकामांसाठी निधी मिळू लागला. ठरावावर ज्यांचे अंगठे उठत त्यांतलेच काही जण नक्षलवाद्यांनी पुकारलेल्या नक्षल सप्ताहात, धाकाने, रस्त्यावर झाडे आडवी पाडायला जात. साडू याला दुटप्पीपणा म्हणतात. नागपुरात राहून असे म्हणणे सोपे आहे.

८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. आमच्या गावात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. बातमी रेडिओवर आली, नावे आली नाहीत. त्या बाई दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणालाही न सांगता, तालुक्याला चालत गेल्या, आणि मुलगा त्या तुकडीत नव्हता एवढे समजून तिसऱ्या दिवशी परत आल्या. आल्या तेव्हा डोक्यावर मिठाची पिशवी होती, म्हणजे विचारणाऱ्याला बाजाराला गेले होते असे सांगता यावे. तो बाजाराचा दिवस नव्हता. गावात कोणीही विचारले नाही. लोकांना स्थानिक दलाबद्दल काय वाटते, असे आपण विचारता. त्या दिवशी गावाने जे विचारले नाही, तेवढेच त्याचे उत्तर मला नक्की सांगता येते.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. मी आदिवासी नाही, पगारी गुरुजी होतो, आणि माझा अनुभव एका गावाचा आहे. सी-६० बद्दल तक्रारी नाहीत असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या घराची झडती झाली आहे त्यांना विचारले तर ते वेगळे सांगतील. आणि गावकऱ्यांच्या हाती बंदूक देणे सगळीकडेच अनर्थ ठरले असेही नाही. जम्मूच्या डोडा, राजौरी या डोंगरी भागांत १९९५ पासून ग्राम संरक्षण समित्यांना जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या गेल्या, २०२२ मध्ये त्यांची नव्याने बांधणी होऊन मानधनही ठरले, आणि १ जानेवारी २०२३ च्या ढांगरी येथील हल्ल्यानंतर तर गावकऱ्यांनीच आणखी हत्यारे मागितली. तिथे हल्लेखोर बाहेरून येतो. आमच्याकडे तो मांडवाच्या कडेला बसलेला असू शकत होता आणि त्याची बायको त्याच ढिगातली पाने बांधत होती. शिवाय आता काळ बदलला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नक्षलवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. आज तोच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळे येईल, आणि कदाचित ते मोठ्याने येईल.

सर्वेक्षणाबद्दल एवढेच सांगतो. आपण ते करणारच असाल, तर विश्वास, सुरक्षितता असले शब्द प्रश्नावलीतून काढून टाका आणि दुभाष्या गावात पगार घेणारा नसावा हे पाहा. दलात गेलेला मुलगा सणाला घरी येतो का, त्याच्या लग्नाची बोलणी कोणत्या गावी होतात, त्याने दिलेल्या पैशांतून घरात काय घेतले, एवढेच विचारा, आणि शेवटचा प्रश्न विचारण्यापूर्वी आजूबाजूला कोण बसले आहे ते बघा.

मी निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये एकदा त्या गावी गेलो होतो. बाई मुलाकडे तालुक्याला राहायला गेल्या होत्या. घराची कवेलू निम्मी खाली आली होती. पत्रे शेजाऱ्याच्या गोठ्यावर चढले होते, आणि तणसाखाली वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे त्यांची एक बाजू पूर्ण गंजलेली होती. शेजाऱ्याने मला न विचारताच सांगितले की ते त्याने विकत घेतले आहेत, आणि किती रुपयांना तेही सांगितले.