मांजराचं पिल्लू घरी आणताय?

आणाच! फक्त ८ आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. आणि आल्या आल्या वाटीभर गाईचं दूध समोर ठेवू नका. बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाहीत. पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, अधूनमधून बिनमिठाचं उकडलेलं चिकन कुस्करून. दूध-पोळीवर मांजर पोसलं जात नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतून मिळतो, तो कमी पडला की दृष्टी आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. घर शाकाहारी असेल तर याचा विचार आधीच करा.

फ्लॅट असेल तर पिल्लू यायच्या आधी खिडक्यांना जाळी लावून घ्या. कबुतरामागे झेप घेताना मांजर कितवा मजला ते बघत नाही. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराच्या जिवावर बेततं. लसी, जंताचं औषध, पुढे नसबंदी, सगळं डॉक्टरांना विचारून वेळेवर.

सुरुवातीला ते पलंगाखालून बाहेरच येणार नाही. ओढून काढू नका. जवळ जमिनीवर बसून आपलं काम करत राहा. मग कधीतरी ते आपणहून मांडीवर चढतं, पुढचे पंजे आळीपाळीने दाबत, डोळे अर्धे मिटून गुरगुरायला लागतं. काय सुख असतं ते!

आणि हो, तुम्ही गावाला गेलात की त्याला कोण बघणार, हे आत्ताच ठरवा.