मासेमारीच्या ७ फुटी रॉडचे गाईड (दोरी ज्यातून जाते त्या कड्या) बदलायचेत, दोरी गुंडाळायला स्पिनिंग रील आहे. कोणते घ्यावेत?

आधी सांगा, दोरी कोणती वापरता? सगळं त्यावर आहे. साधी नायलॉन असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या कड्या पुरतात आणि स्वस्तही पडतात. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, असेल तर नुसत्या क्रोमच्या कड्या घेऊच नका; ब्रेड त्यात खाचा पाडते आणि मग त्याच खाचा दोरी कापतात. तिथे सिलिकॉन कार्बाईडच्या घ्या. महाग आहे, पण सांगलीजवळ हरिपूरला संगमावर कटला मासा लागल्यावर दोरी तुटण्यापेक्षा परवडतं.

स्पिनिंग रीलमधून दोरी वेटोळी घेत सुटते, म्हणून रीलजवळची पहिली कडी मोठी आणि उंच पायाची हवी. पुढे लहान होत जायला हवं. साधारण फुटाला एक, म्हणजे सात-आठ, शिवाय टोकाची वेगळी. बांधण्याआधी चिकटपट्टीने लावून रॉड वाकवून बघा. दोन कड्यांमधली दोरी फार सरळ ताणली जाऊन काठीपासून लांब जात असेल तर तिथे अंतर कमी करा.

टोकाची कडी घेताना काठीच्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजून न्या, दुकानदाराच्या ‘बसेल हो’वर जाऊ नका.

आणि एखादीच कडी खराब वाटत असेल तर आतून कापूस फिरवा. धागे अडकले, तर तेवढीच बदला.