चिजा गाजल्या, चीज झालं नाही: ‘अंडररेटेड’ला मराठी शब्द

प्रश्न असा आला आहे: “आर्थर अलेक्झांडर या अमेरिकी गायकावर टिपण लिहितोय. ‘अंडररेटेड कंट्री-सोल गायक’ अशी सुरुवात मनात आहे. मी ‘उपेक्षित’ लिहिलं, मित्र म्हणतो ‘अवमूल्यित’ हवं. बरोबर काय? आणि त्याला मोठमोठ्या संगीतकारांनी ‘अ‍ॅप्रिशिएट’ केलं, तिथे दाद म्हणू की कदर?”

अलेक्झांडरचं नाव मराठीत कुणीतरी काढतंय याचाच मला आधी आनंद झाला. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

‘अवमूल्यित’ आधी बाजूला ठेवू. अवमूल्यन म्हटलं की रुपया आठवतो. सरकारनं 1966 साली केलं ते अवमूल्यन. आधी ठरलेली किंमत मुद्दाम खाली आणली, असा तो अर्थ. अलेक्झांडरची किंमत कुणी खाली आणली नाही, ती नीट ठरलीच नाही.

‘उपेक्षित’ वजनदार शब्द आहे, पण त्यात आरोप आहे. मूळ धातू ईक्ष्, म्हणजे पाहणं. उपेक्षा म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखं करणं. (पतंजलीच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंक्तीला बसलेली उपेक्षा मात्र सद्गुण आहे, तटस्थता या अर्थी. मराठीत ती छटा उरलेली नाही.) आज आपण उपेक्षित म्हणतो ते ज्यांच्याकडे लक्ष देणं कुणाचं तरी कर्तव्य होतं अशांना: उपेक्षित समाज, घरात उपेक्षित पडलेली म्हातारी. ‘दुर्लक्षित’ त्याहून सौम्य आहे. संस्कृतात ‘दुर्लक्ष्य’ म्हणजे दिसायलाच अवघड. मराठीनं ‘लक्ष’ला ‘दुर्’ लावून लक्ष न देण्याचा अर्थ घडवला आणि तो चांगला रुळला. पण या दोन्ही शब्दांत गृहीत आहे की कुणी पाहिलंच नाही, आणि तुमच्या गायकाच्या बाबतीत नेमकं तेच खरं नाही. ज्यांचं पाहणं जगात सगळ्यांत मोलाचं होतं, त्यांनीच त्याला पाहिलं.

हकीकत पाहा. जन्म 1940चा, अलाबामातल्या शेफील्डचा. टेनेसी नदीकाठी फ्लोरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स ही गावं एकमेकांना चिकटून आहेत. हा कृष्णवर्णीय तरुण तिथल्या एका हॉटेलात पाहुण्यांचं सामान उचलायचं काम करत असे आणि गाणी रचत असे. 1961मध्ये रिक हॉल नावाच्या निर्मात्यानं तंबाखूच्या एका जुन्या गोदामात थाटलेल्या स्टुडिओत त्याचं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ मुद्रित केलं. 1962मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 24व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या पैशांतून हॉलनं ‘फेम’ स्टुडिओची नवी इमारत उभी केली, आणि पुढे तिथे अरेथा फ्रँकलिनपासून विल्सन पिकेटपर्यंत कोण कोण येऊन गायलं.

समुद्रापलीकडे लिव्हरपूलची पोरं हे ऐकत होती. मार्च 1963मध्ये आलेल्या बीटल्सच्या पहिल्या अल्बमवर ‘अ‍ॅना’ आहे, जॉन लेननच्या आवाजात. ते अलेक्झांडरचं. जानेवारी 1964मध्ये रोलिंग स्टोन्सनं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ काढलं. 1988मध्ये बॉब डिलननं ‘सॅली सू ब्राउन’ गायलं, जे अलेक्झांडरनं 1960मध्ये आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर गायलं होतं. तिन्ही घरांत ज्याची रचना गेली, त्याला ‘कुणी पाहिलं नाही’ कसं म्हणायचं?

इथे मला मराठीतला ‘चीज’ हा शब्द आठवतो. फारसीत चीज म्हणजे वस्तू. मराठीनं त्याची दोन लेकरं वाढवली आणि दोघांना वेगळं लिंग दिलं. ती चीज, अनेकवचन चिजा: वस्तू, आणि गवयांच्या बोलीत बंदिश. “बुवांकडे भूपाच्या दुर्मीळ चिजा होत्या.” दुसरं नपुंसकलिंगी आणि कायम एकवचनी: “कष्टांचं चीज झालं.” हे चीज नुसतं वापरता येत नाही, ते ‘होतं’, ‘होत नाही’ किंवा कुणीतरी ‘करतं’. अलेक्झांडरबद्दल मराठीत नेमकं हेच म्हणता येतं: त्याच्या चिजा घरोघर गेल्या, त्याच्या गुणांचं चीज मात्र झालं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यानं गाणं सोडलं आणि ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये एका समाजसेवा केंद्राची बस चालवू लागला. ‘अंडररेटेड’मधल्या मोजपट्टीच्या भाषेपेक्षा ‘चीज न होणं’ खूप जवळचं आहे, कारण त्यात आकडा नाही, कष्ट आहेत.

तरी ‘चीज न झालेला गायक’ विशेषण म्हणून जरा अवघडतो. विशेषणच हवं असेल तर ‘झाकोळलेला’ घ्या. झाकोळ म्हणजे आभाळ भरून आल्यावरचा अंधार. सूर्य असतोच, मध्ये ढग येतो. झाकोळायला कुणीतरी मोठं पुढ्यात यावं लागतं आणि इथे ते वारंवार आलं. ‘बर्निंग लव्ह’ घ्या. हे गाणं डेनिस लिंडचं. अलेक्झांडरनं 1972च्या आपल्या अल्बमवर ते आधी गायलं, त्याच वर्षी एल्व्हिस प्रेस्लीनं गायलं, आणि आज ते एल्व्हिसचं म्हणूनच लोक ओळखतात. मीही ‘अ‍ॅना’ पहिल्यांदा लेननच्या आवाजात ऐकलं. मूळ गाणं कितीतरी वर्षांनी कानावर आलं आणि त्या दिवशी दुसरं काही ऐकवेना.

आता दाद आणि कदर. दोन्ही हवेत, पण ते एकमेकांच्या जागी नकोत.

‘कदर’ अरबीतून आलेला आहे. तिथे त्याचा अर्थ माप, योग्यता. म्हणून कदर करणं म्हणजे एखाद्याची योग्यता ओळखून तसं वागणं. ती टिकून असते, वर्षानुवर्षं करता येते. ‘दाद’ फारसी, आणि तिचा मूळ अर्थ न्याय. कोर्टात आपण दाद मागतो, गरिबाची ‘दाद ना फिर्याद’ असते, आणि मैफलीत समेवर दाद देतो. शब्द एकच आहे. गाणाऱ्यानं जागा घेतली, ऐकणाऱ्यानं तिला न्याय दिला. ताप औषधाला दाद देत नाही, गंजलेलं कुलूप किल्लीला दाद देत नाही, तिथेही मागणं ऐकलं जाण्याचीच गोष्ट आहे. हा अर्थांचा प्रवास मला मराठीतल्या फार सुंदर प्रवासांपैकी एक वाटतो.

मग अलेक्झांडरला काय मिळालं? गाणाऱ्यांची दाद भरभरून मिळाली. गायकाच्या गळ्यातलं दुसऱ्यानं आपल्या गळ्यात घेणं, याहून मोठी दाद कोणती? कदर उशिरा आली. 1993मध्ये त्याचा पुनरागमनाचा अल्बम निघाला आणि त्याच वर्षी 9 जूनला नॅशव्हिलमध्ये तो गेला, वयाच्या 53व्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याच्याच गाण्यांचा एक अल्बम आला. त्यात एल्व्हिस कॉस्टेलो, रॉबर्ट प्लांट, जॉन प्राइन असे लोक गायले. ती कदर. ती ऐकायला तो नव्हता.

‘नावाजलेला’ हा शब्दही तुमच्या कामाचा आहे. बहुतेकांना तो ‘नाव’पासून आला असं वाटतं, पण त्याचं मूळ फारसी ‘नवाज’मध्ये आहे, गरीबनवाजमधलं. त्याचे अर्थ दोन: कुरवाळणारा, कृपा करणारा, आणि वाद्य वाजवणारा, जसं तबलानवाज. तेव्हा ‘नावाजलेल्यांनी नावाजलेला, पण नावारूपाला न आलेला’ असं लिहिलंत तर अर्थ पोचेल आणि कानालाही गोड लागेल.

‘कंट्री-सोल’ तसाच ठेवा. ‘ग्रामीण’ केलंत तर तमाशा-भारुड डोळ्यांपुढे येईल, ‘आत्मसंगीत’ केलंत तर भजन. अमेरिकेच्या दक्षिणेत कंट्री ही गोऱ्यांची गाणी मानली जात, सोल कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून वर आलेलं. रेडिओवर मात्र दोन्ही एकाच घरात ऐकू येत होती. अलेक्झांडरच्या गाण्यात कंट्रीची सरळ गोष्ट सांगण्याची रीत आहे आणि सोलचा गळा.

त्या गळ्यासाठी एक शब्द मी तुम्हाला न मागता देतो: आर्जव. मूळ ‘ऋजु’, सरळ. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘अहिंसा क्षान्तिरार्जवम्’ येतं तिथे आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा. मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ झाला विनवणी. सरळ माणसाचं मागणं विनवणीसारखंच ऐकू येतं म्हणून असेल. ‘यू बेटर मूव्ह ऑन’मध्ये गरीब प्रियकर श्रीमंत प्रतिस्पर्ध्याला निघून जायला सांगतो. दुसऱ्या कुणी धमकी दिली असती. हा आवाज चढवत नाही. ‘अ‍ॅना’मध्ये तर तिला जायची मोकळीक देताना त्याचा स्वर आणखी खाली येतो. लेनन तिथे घसा ताणून रडवेला होतो, तेही सुंदर आहे, पण ते आर्जव नव्हे.

तेव्हा पहिलं वाक्य मी असं लिहीन: “आर्थर अलेक्झांडर हा झाकोळलेला कंट्री-सोल गायक. दाद त्याला बीटल्सपासून डिलनपर्यंत सगळ्यांनी दिली, पण त्याच्या आर्जवी गळ्याचं चीज त्याच्या हयातीत झालं नाही.” ‘उपेक्षित’ हवंच असेल तर ते श्रोत्यांच्या नावे लिहा, संगीतकारांच्या नको. आणि टिपण झालं की मला वाचायला नक्की पाठवा.