तलावाच्या काठी दीपगृह कशाला लागतं, आणि ते जपतात कसं?

नवेगावबांधच्या पाळीवरून पलीकडची झाडं दिसतात, म्हणून हा प्रश्न पडतो. आमच्याकडे रात्री जाळं टाकणाऱ्याला कपाळावरची बॅटरी पुरते. पण अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर सरोवर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आख्ख्या विदर्भाहून थोडंच लहान! तिथं लोहखनिजाची जहाजं चालतात अन् वादळं समुद्रासारखी उठतात.

नोव्हेंबर १९०५ च्या वादळात बरीच जहाजं फुटली. मग मिनेसोटातल्या कड्यावर 'स्प्लिट रॉक' दीपगृह उभं राहिलं, १९१० मध्ये दिवा लागला. रस्ताच नव्हता, त्यामुळे विटा-सिमेंट बोटीतून आणून वाफेच्या यारीनं कड्यावर चढवलं. खरी गंमत दिव्याभोवतीच्या भिंगाची. पॅरिसहून आणलेलं ते जड भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे अलगद फिरतं. फिरवायला खाली सरकणारं वजन, जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं. रखवालदारानं रात्रीतून पुन्हापुन्हा चावी द्यायची.

१९६९ मध्ये ते बंद झालं. आता तिथली राज्य इतिहास संस्था सांभाळते, रूप १९२० च्या दशकातलं ठेवलंय. याच सरोवरात 'एडमंड फिट्झजेराल्ड' जहाज १० नोव्हेंबर १९७५ ला २९ माणसांसह बुडालं. दरवर्षी त्या संध्याकाळी नावं वाचून दिवा लावतात.