वाचकांचे प्रश्न : जुन्या तारखेची शिल्लक आणि ब्लॉकचेनचा संपूर्ण इतिहास

प्रश्न : नवी पेठेत माझे कर-सल्लागाराचे कार्यालय आहे. चादरी-टॉवेलांचा व्यापार करणाऱ्या एका अशिलाच्या घरात वाटणी सुरू असून, त्यांच्या इथेरियम पत्त्यावर ३१ मार्च २०२१ अखेर किती इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन) होते, हे मला हवे आहे. भाच्याने कार्यालयातील संगणकावर गेथ या इथेरियमच्या प्रोग्रॅमचा फुल नोड (साखळी उतरवून स्वतः तपासणारी यंत्रणा) बसवून दिला आहे. तो आजची शिल्लक लगेच सांगतो. पण जुन्या ब्लॉकची विचारली की ‘मिसिंग ट्राय नोड’ एवढेच उत्तर येते. सगळी साखळी उतरवून घेतल्यावरही असे का व्हावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला नोड बिघडलेला नाही. ब्लॉकमध्ये व्यवहार नोंदलेले असतात, शिल्लक नसते. आपल्याच व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर ब्लॉक म्हणजे रोजकीर्द, आणि त्यांवरून प्रत्येक खात्याची जी स्थिती तयार होते ती खतावणी. ३० जुलै २०१५ पासूनची इथेरियमची रोजकीर्द मिळवता येते, परंतु खतावणीची फक्त ताजी आवृत्ती फुल नोड जवळ ठेवतो. गेथ साधारणपणे शेवटच्या १२८ ब्लॉकांची स्थिती राखतो आणि दर १२ सेकंदांना एक ब्लॉक या हिशेबाने तो काळ जेमतेम पंचवीस मिनिटांचा होतो. त्याआधीच्या स्थितीची केवळ हॅशरूपी खूण, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेला छोटा ठसा, ब्लॉकच्या शीर्षकात उरते. त्या खुणेवरून स्थिती खरी की खोटी हे पडताळता येते, पण मूळ आकडा परत मिळवता येत नाही.

प्रत्येक ब्लॉकनंतरची स्थिती जपणाऱ्या नोडला आर्काइव्ह नोड म्हणतात. गेथच्या जुन्या पद्धतीने तो चालवायला १२ टीबीहून अधिक जागा लागते, कारण ही स्थिती झाडासारख्या रचनेत असते आणि एका खात्यातील आकडा बदलला तरी त्या खात्यापासून मुळापर्यंतच्या वाटेवरील सगळ्या गाठी नव्याने लिहाव्या लागतात. एरिगॉन हा दुसरा प्रोग्रॅम बदललेली मूल्येच सपाट स्वरूपात साठवतो, त्यामुळे तेच काम दोन-तीन टीबीच्या आसपास भागते. तरीही एका पत्त्याच्या एका दिवसाच्या शिल्लकेसाठी कार्यालयात आर्काइव्ह नोड उभारणे मला उधळपट्टी वाटते. आर्काइव्ह नोडची सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडे पत्ता आणि ब्लॉक क्रमांक देऊन शिल्लक विचारता येते. उत्तर वेई या एककात येते, म्हणून त्याला १ वर १८ शून्ये इतक्या संख्येने भागावे. दोन वेगवेगळ्या सेवांची उत्तरे जुळवून पाहावीत आणि कागदपत्रांत शिल्लकेबरोबर ब्लॉकचा क्रमांक व हॅश दोन्ही नोंदवावेत.

खरी चूक होते ती ब्लॉक निवडताना. ब्लॉकवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, आणि आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री बारा वाजतात तेव्हा त्या घड्याळात सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणून ३१ मार्च २०२१ रोजी जागतिक वेळेच्या १८:३० पूर्वीचा शेवटचा ब्लॉक घ्यावा. जागतिक वेळेच्या मध्यरात्रीचा ब्लॉक घेतल्यास १ एप्रिलच्या पहाटेचे साडेपाच तास आपल्या हिशेबात शिरतील, आणि वाटणीच्या प्रकरणात एवढी फट भांडणाला पुरते.

केवळ व्यवहारांची बेरीज-वजाबाकी करून शिल्लक काढण्याचा मोह आवरावा. एखादा स्मार्ट काँट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) इथर पाठवतो तेव्हा ती रक्कम व्यवहारांच्या यादीत स्वतंत्रपणे दिसत नाही. व्यवहार पुन्हा चालवून त्याचा माग काढावा लागतो आणि त्यासाठीही जुनी स्थितीच लागते. टोकनांचे, म्हणजे इथेरियमवर काढलेल्या इतर नाण्यांचे, बरे असते, कारण बहुतेक टोकनांचे हस्तांतर व्यवहारांच्या पावत्यांमधील लॉगमध्ये नोंदलेले असते आणि त्या पावत्या फुल नोडवरही असू शकतात. मात्र अशिलाने आपले इथर एखाद्या एक्स्चेंजकडे ठेवले असतील, तर साखळीवर त्या एक्स्चेंजचे पत्ते दिसतील, अशिलाचा वैयक्तिक हिशेब नाही. तेथे एक्स्चेंजचे खातेउतारेच मागवावे लागतील.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहतो आणि संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी बिटकॉइनचा पहिल्या ब्लॉकपासूनचा इतिहास घरच्या १ टीबी डिस्कवर ठेवता येईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : येईल. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनची साखळी ६०० जीबीच्या पुढे गेली आहे; आज १ टीबीत ती मावते, पण साखळी वाढतच राहणार असल्याने नवी डिस्क घेणार असाल तर २ टीबीची घ्यावी, आणि तीही एसएसडी. पडताळणी करताना नोडला न खर्चलेल्या रकमांच्या साठ्यात ठिकठिकाणी वाचावे-लिहावे लागते आणि फिरत्या डिस्कवर ते काम फार रेंगाळते. बिटकॉइन कोअर या नोडच्या प्रोग्रॅममध्ये प्रूनिंगची सोय आहे; त्यात ब्लॉक पडताळून टाकून दिले जातात आणि ब्लॉकफायली ५५० एमबीपर्यंत आवरता येतात, पण आपल्याला इतिहासच हवा असल्याने ती उपयोगाची नाही. कोणताही जुना व्यवहार त्याच्या क्रमांकावरून शोधायचा असेल तर टीएक्सइंडेक्स हा पर्याय सुरू करावा लागतो. पत्त्यावरून शोधण्याची अनुक्रमणिका मात्र कोअर ठेवत नाही. त्यासाठी इलेक्टर्स किंवा फुलक्रम यांसारखा सर्व्हर वेगळा जोडावा लागतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस आधी जोडावा, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली तर डेटाबेस खराब होऊन अनुक्रमणिका नव्याने बांधण्याची वेळ येऊ शकते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा यंत्राला हवाही मिळायला हवी.

प्रकल्प केवळ आकडेवारीचा असेल, उदाहरणार्थ वर्षागणिक व्यवहार-शुल्क कसे बदलले हे पाहायचे असेल, तर नोडच्या वाटेला जाऊच नये. गूगलच्या बिगक्वेरी या डेटा तपासण्याच्या सेवेवर बिटकॉइनचा सार्वजनिक डेटासंच २०१८ पासून उपलब्ध आहे. तेथे किती डेटा तपासला गेला यावर आकारणी होते आणि दरमहा पहिला १ टीबी विनामूल्य असतो. म्हणून सगळे स्तंभ न मागता हवे तेवढेच मागावेत, नाहीतर ती मर्यादा पाहता पाहता संपते. नोड चालवावा तो पडताळणी कशी होते हे शिकण्यासाठी.

प्रश्न : ब्लॉकचेनवरचे काहीच पुसले जात नाही असे ऐकले होते. मग इथेरियमचे नोड जुना इतिहास टाकून देणार, ही बातमी खरी आहे का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : खरी आहे. जुलै २०२५ पासून इथेरियमच्या प्रमुख प्रोग्रॅममध्ये, १५ सप्टेंबर २०२२ च्या ‘मर्ज’ या मोठ्या तांत्रिक बदलापूर्वीचे ब्लॉक आणि पावत्या न ठेवण्याची मुभा मिळाली असून त्यामुळे नोडमागे ३०० ते ५०० जीबी जागा वाचते. हा इतिहास नष्ट होत नाही. तो एरा नावाच्या फायलींत वेगळा जपला जातो. ती फाइल कोणाकडूनही घेतली तरी हॅशने तपासता येते, त्यामुळे देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न येत नाही. मात्र ती कोणीतरी सांभाळून ठेवलेली असणे आवश्यक आहे, आणि हॅश त्याची हमी देत नाही. ज्यांना २०२२ पूर्वीचे व्यवहार लागतात त्यांनी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेताना हा पर्याय बारकाईने पाहावा.

मार्च २०२४ पासून आलेल्या ब्लॉबांची, म्हणजे तात्पुरत्या डेटाच्या गठ्ठ्यांची, गोष्ट याहून कडक आहे. रोलअप साखळ्या (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या वेगळ्या साखळ्या) आपला डेटा त्यांत टाकतात आणि इथेरियमचे नोड तो सुमारे १८ दिवसच ठेवतात. म्हणून रोलअपवरच्या जुन्या व्यवहारांचा हिशेब हवा असल्यास इथेरियमच्या नोडवर शोधण्यात वेळ घालवू नये. त्या रोलअपचा स्वतःचा आर्काइव्ह नोड कोण चालवते, हे आधी विचारावे.