वेट्चि म्हणजे फूल की गायींची लूट?

प्रश्न असा आलाय की जुन्या तमिळ कवितांच्या टीपांमध्ये 'वेट्चि' या शब्दाचा अर्थ एकीकडे लाल फुलांचं झुडूप दिलाय आणि दुसरीकडे शत्रूच्या गायी पळवून आणणं, मग खरा कुठला?

दोन्ही खरे, आणि दुसरा पहिल्यातूनच आलाय. वेट्चि म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात तो इक्झोरा, बारीक लाल फुलांचे गच्च झुबके येतात तो. गुरं पळवायला निघालेले वीर ही फुलं माळून जायचे म्हणून त्या धाडीलाच वेट्चि म्हणायला लागले, आणि गायी सोडवायला मागे धावणाऱ्यांचं फूल करन्दै, तर ती झुंज करन्दै.

तोल्काप्पियम् या सगळ्यात जुन्या तमिळ व्याकरणात युद्धकवितेचे प्रकार सांगताना सुरुवात वेट्चिपासूनच होते, आणि तिथे शब्द आहेत 'आ तन्दु ओम्बल्', म्हणजे गायी आणून त्यांना सांभाळणं, म्हणून नुसतं 'गुरं चोरणं' असं भाषांतर मला पटत नाही, त्यात तो सांभाळ राहून जातो. पुढचे टप्पेही फुलांचेच आणि झाडं आपल्या रोजच्या ओळखीची! वेढा घालणारे उळिञै माळायचे म्हणजे आपली कपाळफोडी, किल्ला राखणारे नोच्चि म्हणजे निर्गुडी, समोरासमोरच्या लढाईत तुम्बै म्हणजे तुंब्याची पांढरी फुलं, आणि जिंकल्यावर वागै, आपला शिरीष.

आता लुटीसाठी सरळ शब्द हवा असेल तर तो 'आकोळ्', आ म्हणजे गाय आणि कोळ् म्हणजे घेणं. तेनी जिल्ह्यातल्या पुलिमानकोम्बैला २००६ मध्ये तमिळ-ब्राह्मी, म्हणजे तमिळच्या जुन्या लिपीतले लेख असलेले, मेलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड सापडले, त्यातल्या एकावर कूडल गावच्या आकोळमधल्या माणसाचं नाव आहे आणि हा शब्द तिथे चक्क कोरलेला आहे, मला तर तो फोटो बघून अंगावर काटा आला होता.

अशा दगडाला तमिळमध्ये 'नडुकल्' म्हणतात, रोवलेला दगड. त्यातला कल् आपल्या 'वीरगळ'मध्ये कन्नडमार्गे आलेला आहे, गळाशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी गावच्या देवळाबाहेर वीरगळ दिसला की खालची चौकट नीट बघा, गुरांसाठी मेलेल्याचा असेल तर तिथे गायी कोरलेल्या सापडतील, बऱ्याचदा शेंदराखाली बुजलेल्या असतात.