तक्रार केली म्हणून निलंबन झालं, आता काय?

प्रश्न: अनुदानित माध्यमिक शाळेत मी अकरा वर्षं सहशिक्षिका आहे. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं संच मान्यतेसाठी (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर होतात, त्यासाठी) हजेरीपटावर चालू ठेवली होती. ते मी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं. तीन आठवड्यांत ‘उद्धट वर्तन आणि संस्थेची बदनामी’ असे आरोप ठेवून संस्थेने मला निलंबित केलं. सचिव म्हणतात, राजीनामा द्या, विषय मिटवू. सूडबुद्धीने कारवाई केली म्हणून संस्थेवर दावा लावता येईल का?

ताई, सगळ्यात आधी सांगते: राजीनामा देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको. राजीनामा दिलात की तुमच्या हातातले जवळजवळ सगळे हक्क सुटतात.

तुम्हाला अपेक्षित असलेला, गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा (व्हिसल ब्लोअर्स) कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो लागू करणारी अधिसूचना अजून निघालेली नाही. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला संरक्षण द्यायचं म्हणून केलेला कायदा इतकी वर्षं कागदावर पडून राहावा, याची मला मनापासून चीड आहे. पण तुम्ही निराधार नाही. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली तुम्हाला लागू आहे. तुमची लढाई त्यातूनच लढायची.

आरोपांचं लेखी निवेदन मिळाल्यापासून खुलासा द्यायला सात दिवस असतात. तो मोजका लिहा. ‘बदनामी’ म्हणजे नेमकं कुठलं वाक्य, कोणासमोर, कधी, हे विचारा. आणि तारखा ओळीने मांडा: तक्रार कधी दिली, तिचा आवक क्रमांक काय, निलंबनाचा आदेश कधीचा, अकरा वर्षांत एकही मेमो होता का. सूडबुद्धी हा शब्द तुम्ही न लिहिताही या तारखा ते सांगतील.

निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी होती का, हे माहिती अधिकारात विचारा. ती नसली म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही, पण निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात मिळणारी रक्कम, संस्थेला स्वतःच्या पैशातून द्यावा लागतो. त्याच अर्जात तुमच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, हेही मागा. भत्ता थकला तर लेखी मागणी करत राहा.

चौकशी समितीत तीन जण असतात: एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक तुम्ही निवडलेला, कुठल्याही खाजगी शाळेचा कर्मचारी. पुष्कळ शिक्षक इथे ‘कोणीही चालेल’ म्हणतात. तसं करू नका. कागद वाचणारा, संस्थेच्या दबावाखाली न येणारा माणूस शोधा. रोजच्या कामकाजाची प्रत घ्या, आणि न वाचता कशावरही सही करू नका. चौकशी १२० दिवसांत संपवायची असते. समिती चुकीची नेमली किंवा तुम्हाला उलटतपासणी नाकारली, तर पुढे बडतर्फीचा आदेश टिकणं अवघड जातं.

आता दाव्याचं. नुसत्या निलंबनाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील होत नाही. आदेश उघड बेकायदा असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली, तर मात्र १९७७ च्या त्याच कायद्याच्या कलम ९ खाली न्यायाधिकरणात जाता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका. अपील मंजूर झालं तर पुनर्नियुक्तीचा आणि थकीत पगाराचा आदेश मिळू शकतो.

मूळ हजेरीपट घरी आणला असेल, तर आजच लेखी पोच घेऊन परत करा. तो तुमच्याकडे सापडला तर संस्थेला नवा आरोप मिळेल. तुमच्याकडे हजेरीपटाचे फोटो असतील तर ते चौकशी समिती आणि शिक्षणाधिकाऱ्यांपुढेच ठेवा. मुलांची नावं आहेत त्यात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकही टाकू नका. आणि वकिलाकडे जाताना आदेशाचा लिफाफाही न्या, कारण मुदत तो हाती पडल्या दिवसापासून मोजतात आणि पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो.